उलाळीचा छकडा

मी एक छकडा. पण कडबा आणि शेणखत वाहणारा नव्हे, मी पटाचा. आमच्या वऱ्हाडात कापूस घरात आला, तुरी कापून झाल्या की गावोगाव शंकरपट भरतात. सरळ आखलेली वाट, शेजारी शेजारी दोन बैलजोड्या. झेंडी पडली की सुटायचं, आणि बघणाऱ्यानं श्वास सोडायच्या आत संपायचं. त्या एवढ्याशा पळण्यासाठी माझा जन्म झाला.

पातूरच्या नारायण मिस्त्रींनी मला घडवलं. दांड्यांचा साग सेमाडोहच्या जंगलातून आला होता, चाकं बाभळीची, बसायचा साटा बांबूचा. दोन माणसांनी उचलून ओसरीवर ठेवावं इतका मी हलका. मिस्त्री माझ्या दांडीवर बोटानं टकटक करून कान लावायचे आणि मान हलवायचे. माझ्यावर एवढ्या मायेनं हात फिरवणारा तो पहिला माणूस. दुसरी दुर्गाबाई. तिच्याचबद्दल मला सांगायचं आहे.

दुर्गाबाई माझ्या मालकाची, खुशालरावांची बायको. पातूरच्या अलीकडे त्यांची उत्तम काळी जमीन होती, बारमाही विहीर होती. मूलबाळ नव्हतं. घरात तिसरा माणूस म्हणजे दुर्गाबाईचा धाकटा भाऊ भगवंत. आईबाप पटकीच्या साथीत एका आठवड्यात गेले, तेव्हा हे पोर तिच्या कडेवर बसूनच सासरी आलं. खुशालरावांनी त्याला ठेवून घेतलं. ठेवून घेतल्याचं ते आल्यागेल्याला सांगतही असत.

भगवंत मोठा झाला आणि माझा धुरकरी झाला, म्हणजे पटात मला हाकणारा. पवळ्या आणि बिजल्या ही आमची जोडी. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही चांगले पळालो. जू मानेवर नीट बसलेलं, साट्यावर पुढं सरकून भगवंत बसलेला, आणि मी जमिनीला धरून सरळ. जिंकलो की गुलाल, हरलो की गप्प घरी. बायकांनी पटाला जायची तेव्हा रीत नव्हती. दुर्गाबाई ओसरीवर तूर पाखडत बसायची आणि वेशीतून येणाऱ्या माझ्या चाकांच्या आवाजावरून ओळखायची, आज काय झालं ते.

मग बाळापूरकडच्या एका पटात ते घडलं. झेंडी पडताना भगवंत साट्यावरून मागं घसरला. त्याचा सगळा भार माझ्या शेपटाकडं गेला, दांड्या वर उठल्या, जू वर गेलं आणि दोन्ही बैलांचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. गाडी अशी मागं जड झाली की आमच्याकडं तिला उलाळ झाली म्हणतात. भगवंतानं तशात स्वतःला पुढं फेकलं, मी धाडकन खाली आलो आणि आम्ही सुटलो. हरलो. पण जिंकलेल्या जोडीकडं कोणी पाहिलंच नाही. लोकांनी भगवंताला खांद्यावर घेतलं. "काय उलाळी घेतली गड्यानं" म्हणत म्हातारेकोतारेही टोप्या उडवत होते.

परतीच्या वाटेवर खुशालरावांनी माझ्या शेपटावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "भगवंता, कसं केलं रे तू ते?"

"केलं नाई दाजी, घसरलो."

"पुन्हा घसरता येईन काय?"

भगवंत हसला. त्या हसण्यात होकार होता. मी त्याच्याखाली होतो, मला तो कळला. त्यालाही खांद्यावर बसायला आवडलं होतं, हे मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी मला मिस्त्रींकडं नेलं. खुशालरावांना उलाळी हवी होती, मागितली की मिळणारी. मिस्त्रींनी आधी माझा आख, म्हणजे चाकांचा कणा, दोन बोटं पुढं सरकवला. निर्गुणा नदीच्या वाळूत नेऊन पाहिलं, दांड्या नुसत्या थरथरल्या. मग सहा बोटं सरकवला, तर बैल अधांतरी लटकले आणि सुटेचनात. शेवटी चार बोटांवर बसवला, शेपटाखाली एक लोखंडी पट्टी ठोकली. आता भगवंतानं मागं रेललं की मी उभा व्हायचो, पुढं झेप घेतली की खाली यायचो. सगळा खेळ त्या झेपेच्या वेळेचा. रोज सकाळी आम्ही वाळूत तेच करत होतो.

मिस्त्री मात्र नाराज होते. "जू मानेवर दाबते तवरोक बैल आपला," ते म्हणाले. "जू वर गेलं का गळ्याखालचं जोतं आवळते. अन् एखाद्या वेळी गाडी मांगं पुरी उलटली तं?" त्यांनी माझ्या शेपटाला बाभळीचा एक वाकडा टेकू लावला. मी फार मागं कललो की तो जमिनीला टेके आणि मला धरे. "हा असंन तं उलाळी घ्या. नसंन तं माह्यं नाव सांगू नका."

त्या मोसमात आमचं नाव झालं. पातूर, बाळापूर, अकोल्यापर्यंत लोक उलाळीवाला छकडा पाहायला येत. विहिरीवर बायका दुर्गाबाईला म्हणत, "तुमचा भाऊ तं मोठा झाला वं." तिला बरं वाटे. पण संध्याकाळी बैलांना चारा टाकताना तिला पवळ्याच्या गळ्याखालचे केस गेलेले दिसले, कातडं लाल झालेलं दिसलं. ती हळद-तेल लावू लागली.

"आवो, पवळ्याचा गळा सोलून निघाला," तिनं नवऱ्याला सांगितलं.

"पटाचा बैल हाये तो. देव्हाऱ्यातला नाई."

पुढच्या वर्षी एका पटात आम्ही उभे राहिलो, टेकू जमिनीला लागला आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पाहा रे, म्हातारा काठी टेकून चालला." सगळी वाट हसली. आम्ही तो पट जिंकलो होतो. पण खुशालरावांच्या कानात ते हसू घरापर्यंत आलं.

ओसरीसमोर मला सोडलं तेव्हा दुर्गाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. खुशालरावांनी पाणी घेतलं नाही. टेकूकडं बोट दाखवून म्हणाले, "हे लाकूड काढ."

"मिस्त्री नाई मनले, दाजी."

"मिस्त्री पटात उभा राह्यते काय? लोकं मले हासून राहिले."

भगवंत पवळ्याच्या गळ्यावरून हात फिरवत राहिला.

"भीत असशीन तं सांग. दुसरा धुरकरी पाहतो. तू घरी बस. भाकर खायले मी नाई मनत नाई."

"आवो, त्याले असं नोका बोलू," दुर्गाबाई म्हणाली. "राहू द्या ते लाकूड. काय बिघडते तुमचं?"

"तू चूल पाह्य."

भगवंतानं तिच्याकडं पाहिलं, मग खुशालरावांच्या तोंडाकडं. आत जाऊन पाना आणला आणि खाली बसून टेकूचे बोल्ट सोडले. टेकू पडल्याचा आवाज दुर्गाबाईनं ऐकला. त्या भाकरीच्या बोलण्यानं तो उठला होता, हे तिला कळलं आणि मला कळलं. खुशालरावांनाही कळलं असणार, कारण ते पुढं त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

अकोल्याजवळच्या पटात झेंडी पडली. भगवंत मागं रेलला. मी उठलो, नेहमीपेक्षा जास्त उठलो. त्यानं झेप घेतली, पण मला अडवायला मागं काहीच नव्हतं. माझं शेपूट मातीत रुतलं आणि दांड्या आभाळाकडं सरळ उभ्या राहिल्या. पवळ्या गळ्यानं जुवाला लटकला. बिजल्या पाय झाडत आडवा झाला. मग मी मागं कोसळलो, भगवंतावर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळच. धूळ खाली बसायला लागली तेव्हा टाळ्या थांबल्या.

पवळ्या तिथंच गेला. भगवंताला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दुर्गाबाई सगळा पावसाळा तिथं फरशीवर झोपली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, कमरेखालचं काही परत येणार नाही. खुशालराव एकदा येऊन गेले. खाटेजवळ उभे राहिले आणि दुसऱ्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, "आमचे साळे. तरणं रक्त, ऐकते कुठं."

ती भावाला घेऊन गावी परतली तोवर तेच बोलणं गावभर पक्कं झालं होतं. खुशालराव नको नको म्हणत होते, भगवंतानंच हट्टानं टेकू काढला. विहिरीवरच्या बायका आता म्हणत, "काय वं, तुमच्या भावानं बैल मारला." नारायण मिस्त्रीही भेटायला आले नाहीत. त्यांनीही तेच ऐकलं असेल.

मी तेव्हा गोठ्यामागं पडून होतो. एक दांडी मोडलेली, साट्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. ओसरीवर नवा छकडा उभा होता, नवी जोडी होती, नवा धुरकरी होता. कोणी माझ्याकडं वळून पाहत नव्हतं. दुर्गाबाई तेवढी अंडी गोळा करायला यायची आणि मोडक्या दांडीवर क्षणभर टेकायची.

पुढच्या हिवाळ्यात आमच्याच गावात पट भरला. गोठ्यामागून मला मैदान दिसत होतं. पटाआधी भगवंताचा सत्कार होता. चौघांनी त्याला खाटेसकट नेलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. खुशालराव उभे राहून बोलले. म्हणाले, मेव्हण्यानं माझं ऐकलं असतं तर आज हा दिवस आला नसता, पण मी त्याला टाकलं नाही, टाकणार नाही. लोकांनी माना हलवल्या. त्या दिवशी बायकांना कडेला बसायला जागा केली होती. दुर्गाबाई तिथून उठून उभी राहिली. तिचं तोंड उघडलं होतं. खाटेवरून भगवंतानं तिला पाहिलं, आणि नारळ मांडीवर ठेवून तिच्याकडं बघत हात जोडले. लोकांना वाटलं, तो खुशालरावांना हात जोडतोय. ती खाली बसली.

दुपारी घरी आणल्यावर त्यानं पाणी मागितलं. पाणी देताना तिनं विचारलं, "कावून अडवलं मले?"

"तू बोलली असती तं संध्याकाळी आपन कोठी गेलो असतो, ताई?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "जागा पाहते," एवढंच म्हणाली.

आणि पाहिली. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं, तिच्या मावसबहिणीच्या, माणिकबाईच्या चाळीत एक खोली होती. खुशालरावांनी अडवलं नाही. "जाय. आठ दिवसांत येशीन," ते म्हणाले. तिनं दागिने मागितले नाहीत, भांडी मागितली नाहीत. गोठ्याकडं बोट करून म्हणाली, "तो छकडा द्या."

"तो मोडका? ने. चुलीत घालाले कामी येईन."

तिनं मला चुलीत घातलं नाही. जुन्या शहरातल्या एका सुतारानं माझ्या दांड्या हातभर ठेवून कापल्या, साट्यावर फळ्या ठोकल्या आणि आख मधोमध आणला. मी हातगाडी झालो. एका टोकाला भगवंत बसे, दुसऱ्या टोकाला पेरू, बोरं, उन्हाळ्यात टरबुजं. ती मला ढकले. पटाचा छकडा पायी चालणाऱ्या बाईच्या वेगानं बोळातून जाऊ लागला. मला त्याची लाज वाटली नाही. पण तिच्या तळहाताला घट्टे पडले.

बाजाराच्या दिवशी पातूरकडची माणसं यायची. कोणीतरी ओळखायचंच. "उलाळीवाला भगवंत तो हाच काय?" भगवंताचे डोळे उजळत. तो सगळं सांगे, चार बोटं आख, लोखंडी पट्टी, वाळूतली तालीम. आणि शेवटी म्हणे, "दाजी नाई मनत होते. मीच टेकू काढला. माह्याच हट्टानं झालं."

पहिल्यांदा तिनं हे ऐकलं, तेव्हा तिला वाटलं, परक्यासमोर घराची लाज राखतोय. पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग एकदा गिऱ्हाईक गेल्यावर तिनं तराजू फळीवर ठेवला.

"भगवंता, असं नव्हतं. मी तेथीच उभी होती. माह्या हातात तांब्या होता."

त्यानं आपला एक मेलेला पाय हातानं उचलून सरळ केला.

"मले मालूम हाये ताई. पण मी आता हेच खरं मानतो."

"कावून?"

"त्यायनं भाकर दाखवली अन् मी लुळा झालो, असं मानलं तं मी कोन? बोल न. पाळलेलं जनावर. पवळ्या तसा मी. माह्या हट्टानं झालो मनलं तं निदान माणूस तरी राह्यतो. हे एवढं तं माह्यं राहू दे."

दुर्गाबाईनं तराजू उचलला. पारडी सारखीच असताना ती पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली. त्यानंतर तिनं त्याला कधी टोकलं नाही. ज्या खऱ्यासाठी तिनं घर सोडलं, ते ऐकून घ्यायला आता जगात कोणीच उरलं नव्हतं. ज्याच्यासाठी सोडलं, तोसुद्धा नाही.

परवा एक धोतरवाले गृहस्थ आले. गोष्ट ऐकून झाल्यावर म्हणाले, "खुशालराव आता पट कमिटीचे अध्यक्ष झाले. मोठ्या मनाचा माणूस. एवढं नुकसान झालं, तरी साळ्याले घरात ठेवलं होतं मनतात."

भगवंत म्हणाला, "हो जी, ठेवलं होतं."

गृहस्थांनी दुर्गाबाईकडं पाहिलं. तीही बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी.

"हो जी," ती म्हणाली. "पेरू किती देऊ?"

माझ्या चाकांची लोखंडी धाव आता झिजली आहे, फळ्यांना वाळवी लागली आहे. एखाददोन पावसाळे निघतील, मग सुतार माझ्याकडं बघून मान हलवेल. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही कधी जुन्या शहरात आलात आणि पेरूच्या हातगाडीवर बसलेला माणूस दिसला, तर पेरू घ्या, दोन शब्द बोला आणि जा. त्याला उलाळीचं विचारू नका. तो सांगेल, आणि ती तिथंच उभी असेल.