आंघोळीचे गोळे

रेडिओमावशींना एखादी गोष्ट कळली की ती गल्लीच्या टोकाला पोहोचायला वेळ लागत नाही. लोक आपल्याला रेडिओ म्हणतात हे त्यांना ठाऊक आहे आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नाही. ‘बातमी काय शिळी करून वाढायची?’ असं त्या उलट विचारतात.

सुनेने स्वयंपाकघरात आंघोळीचे सुगंधी गोळे करायला घेतले, तेव्हा पहिली बातमी तक्रारीची होती. ओट्यावर सोडा, लिंबूफूल, मीठ, बाटल्याच बाटल्या. आता घरात जेवायचं की आंघोळच करायची? मग एके दिवशी सुनेने त्यांच्या बादलीत एक गोळा टाकला. तो फसफसत विरघळला आणि न्हाणीघर संत्र्याच्या सालीच्या वासाने भरून गेलं. मावशी बाहेर आल्या त्या बऱ्याच उशिराने, आणि त्या दिवसापासून रेडिओचा सूर बदलला.

त्या स्वतः कामाला लागल्या. सोडा आणि लिंबूफूल चाळायचं काम त्यांचं. तेल घालायचं ते सुनेने, थेंब मोजून. मग पाण्याचा फवारा, तोही जपून. कमी पडला तर गोळा भुगा होतो, जास्त झाला तर परातीतच फसफसायला लागतो आणि सगळं मुसळ केरात. सून मिश्रण मुठीत दाबायची, मूठ उघडायची आणि ढेकूळ टिकलं की मान हलवायची. ती मान हलली की मावशींची छाती फुगायची. असली करामत गल्लीत दुसऱ्या कुणाच्या सुनेला येते का, सांगा बरं!

मावशींचा मुलगा प्लंबर. चौकातल्या मोठ्या हॉटेलात त्याने नुकतेच नवे टब बसवले होते. तिथल्या साफसफाईच्या मुख्य बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांच्याकडे त्याने बायकोच्या गोळ्यांचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “घेऊन या, टबात टाकून बघू, मग ठरवू.” एवढंच. पण मावशींच्या तोंडून निघेपर्यंत त्या ‘बघू’चं ‘घेतलं’ झालं होतं. जिन्यात समोरच्या टेलरबाईंनी अभिनंदन केलं तेव्हा सुनेला पत्ता लागला.

“आई, अहो अजून काहीच ठरलेलं नाही.”

“ठरेल की! न ठरायला काय झालंय?”

बोलून गेल्या खऱ्या, पण मग मावशी मनात हिशेब करू लागल्या. हॉटेलने नाही म्हटलं तर गल्लीत तोंड कुठे दाखवायचं? आणि आपलं सोडा, आपल्याला हसणं लोकांच्या सवयीचं होतं. हसतील ते सुनेला, हेच त्यांना जास्त लागत होतं.

ठरल्या दिवशी दोघी गोळ्यांचा डबा घेऊन हॉटेलात गेल्या. पांढरीशुभ्र बाथरूम, भिंतीएवढा आरसा आणि मुलाने बसवलेला टब. मॅडम म्हणाल्या, “आमच्या माणसांना यात बसायची परवानगी नाही. तुमच्यापैकी कुणीतरी बसा.” सुनेला गोळा कसा विरघळतो ते बघायचं होतं. म्हणजे राहिलं कोण?

“मी?” म्हणेपर्यंत मावशींच्या चपला निघालेल्याही होत्या. पोराने गावभर टब बसवले, त्याच्या आईला बसायला मिळालं ते आज! मॅडमनी दिलेला जुना सुती गाऊन घालून त्या कोमट पाण्यात उतरल्या आणि राणीसारखी मान ताठ करून बसल्या.

सुनेने गोळा सोडला. तो झकास फसफसला, फेस झाला, पाणी केशरी झालं. दारात उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, “दिसायला तर छान आहे.”

मावशी वासाची वाट बघत राहिल्या. घरी बादलीत गोळा पडला की वास नाकात शिरायचा. इथे काहीच नाही. त्यांनी नाक पार पाण्याशी नेलं. शेजारच्या घरात कुणीतरी संत्रं सोलावं, एवढाच काय तो वास. शिवाय बुडाखाली तेलकट झालं होतं. त्या जरा सरकल्या आणि पार हनुवटीपर्यंत पाण्यात गेल्या.

“कसं वाटतंय, मावशी? इथे दारात मला कळत नाही.”

सून त्यांच्याकडे बघत होती. मावशींच्या डोळ्यांसमोर सगळी गल्ली उभी राहिली, टेलरबाई सगळ्यांत पुढे. ‘मस्त’ एवढं म्हटलं की काम फत्ते. पण उद्या इथे कुणी परका माणूस बसेल. त्याला ना सून माहीत, ना तिची मेहनत. तो नाक मुरडेल, नाहीतर घसरून पडेल, आणि नाव खराब होईल ते या पोरीचं.

“वास येत नाही,” मावशी म्हणाल्या. “आणि बूड घसरतंय.”

सुनेचा चेहरा उतरला. मॅडमनी गोळ्यांचा डबा परत दिला. “मग आत्ता नको. सुधारून आणा, परत बघू.”

बसमध्ये सून डब्यातला एक गोळा उलटसुलट करून बघत होती. मावशी चक्क गप्प होत्या, आणि हे आक्रीतच म्हणायचं. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

“रागावलीस ना माझ्यावर?”

“नाही हो आई. बादली! मी प्रत्येक गोळा बादलीत टाकून बघितला. टबात पाणी किती जास्त, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गोळा मोठा करायला हवा, आणि हे तेल बदलायला हवं. ह्यांना सांगते, कुठे जुना टब काढला तर गच्चीवर आणून टाका.” ती थोडी थांबली. “हे तर सर्दी झालेली असली तरी ‘वा’ म्हणतात. तुम्ही गल्लीभर माझं कौतुक करता, तेही मला तसलंच वाटायचं. आज कळलं, तुम्हाला खरंच आवडत होतं.”

मावशींनी खिडकीबाहेर बघितलं. भर बसमध्ये रडणं त्यांना शोभलं नसतं. आयुष्यात इतकं बोलून त्यांना एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशीच टेलरबाई भेटल्या. “काय मग, पाठवला का माल हॉटेलात?”

“अजून जरा...” सून सांभाळून घेऊ लागली.

“नापास!” मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा चढाच होता. “मी केला. टबात बसून केला. आमच्या घरातला माल असातसा बाहेर जात नाही, समजलं? आधी माझ्या नाकाखालून जावा लागतो.”

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली, तेव्हा मावशींनी मान वर करून तिकडेही सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.