कोरडी गाठ

लीडर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पुढारी उभा राहतो. आमच्याकडचा लीडर त्याच्यापेक्षा बराच कामाचा असतो. गळाला कृत्रिम माशी लावून मासे पकडणाऱ्यांची मुख्य दोरी जाड, रंगीत आणि जड असते. जड असते म्हणूनच ती लांब फेकता येते. पण तीच थेट माशीला बांधली तर पाण्यावर धपकन आपटेल आणि मासा पलीकडचा काठ गाठेल. म्हणून मधे हा लीडर लागतो. माणसाहून लांब, पारदर्शक नायलॉनचा, दोरीकडे जाड आणि माशीकडे उतरत उतरत केसाइतका बारीक. कारखान्यात तो अखंड ओढून काढतात. आम्ही निरनिराळ्या जाडीचे तुकडे गाठी मारून एकमेकांना जोडतो. उतरण मात्र जपावी लागते. जाड तुकड्याला एकदम बारीक तुकडा जोडला तर फेकलेली दोरी तिथेच दुमडते आणि माशी दोरीतच गुरफटून बसते.

'आम्ही' म्हणते खरी, पण बांधते मी.

दुकानात पुढे काउंटरवर बाबा बसतात. गिऱ्हाइकं त्यांना उस्ताद म्हणतात. एके काळी होतेच ते उस्ताद, मी नाही म्हणत नाही. मला त्यांनीच शिकवलं, तेही हात धरून नव्हे, हातावर फटके मारून. मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी उजवा अंगठा, मग दोन्ही हात. तेव्हापासून मागच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलाशी मी बसते, आणि पुढे बाबा हात ॲप्रनच्या खिशात घालून गिऱ्हाइकाला सांगतात, "या वेळी उतरण जरा लांबवलीय. माशी कशी पिसासारखी उतरते बघा." लांबवलेली असते मी. आयत्या बिळावर नागोबा अशी एक म्हण आहे. सख्ख्या बापाच्या बाबतीत ती तोंडाने म्हणवत नाही, म्हणून मी ती मनातल्या मनात म्हणते.

मला दुकान नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, चार लोकांत म्हणावं की हे लीडर माझी मुलगी बांधते, एवढंच मला हवं होतं. आडून आडून सुचवून झालं, मग सरळ विचारलं.

"सांगू की," बाबा म्हणाले. "वेळ आली की सांगू."

"वेळ कधी येणार, बाबा?"

"तुझं आपलं सगळं घाईचं असतं."

घाई! माझे केस पिकायला लागले होते. शेजारचा बेकरीवाला अजून माझी ओळख 'उस्तादांची मुलगी, दुकानात हातभार लावते' अशी करून देतो. मी हसून मान डोलावते आणि आत येऊन एखादी गाठ गरजेपेक्षा जोरात आवळते.

ती वेळ आली मोसमाच्या तोंडावर. त्या सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नदीवर गळ टाकायची बंदी उठणार होती, त्यामुळे ज्याला त्याला सगळं आजच हवं होतं. मी आतून नायलॉनची रिळं घेऊन येत होते, तेवढ्यात वकीलसाहेब आत आले. आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. हा माणूस बोलायला लागला की समोरचा आपोआप साक्षीदार होतो. त्यांनी खिशातून रुमाल काढला, काउंटरवर उलगडला आणि त्यातला तुटका लीडर बाबांपुढे सरकवला.

"हे काय आहे, उस्ताद?"

बाबांनी वाकून पाहिलं. हात खिशातच.

"आमच्या खाजगी तळ्यावर गेलो होतो. त्या धुडाच्या मागे मी किती वर्षं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. लागला! शेवटी लागला. काठापर्यंत आणला, जाळी हातात घेतली आणि गाठ सुटली. माशीची, मी मारलेली गाठ नाही, टोकाचा बारीक तुकडा नाही. मधली गाठ, उस्ताद. मधली!"

नवशिकी दोन मुलं गळ निवडत होती, ती थांबली. बेकरीवाला पावाची पिशवी द्यायला आला होता, तो पिशवी धरून तसाच उभा राहिला. मोसमाच्या तोंडावर, भरल्या दुकानात, उस्तादांची मधली गाठ सुटली होती.

बाबा म्हणाले, "हा माझ्या मुलीने बांधलेला."

काय सांगू, मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू? 'माझ्या मुलीने बांधलेला' हे शब्द कानावर पडले आणि मी वेड्यासारखी दोन पावलं पुढे आले. चेहऱ्यावर हसूसुद्धा आलं असणार, कारण वकीलसाहेबांनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मग अर्थ पोहोचला.

"म्हणजे आता मुलगी बांधते का?" त्यांनी उलटतपासणी सुरू केली. "आणि आधीचे? मागच्या मोसमातले?"

"छे, छे. ते माझेच. मधे मला जरा बरं नव्हतं, म्हणून हिला बसवलं एक-दोनदा."

"मग तसं सांगून विकायचं होतं ना."

"चुकलंच," बाबा म्हणाले.

"शिकेल हो हळूहळू," बेकरीवाला म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

मी लीडर हातात घेतला. सुटलेल्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं पडलं होतं. म्हणजे दोरा तुटला नव्हता, गाठ घसरून सुटली होती. आणि गाठीच्या जागी नायलॉन पांढुरकं झालं होतं. दोन तुकडे जोडताना मी जाड बाजूला वेढे कमी देते आणि बारीक बाजूला जास्त. इथे जी गाठ टिकली होती तिला दोन्हीकडे सारखे वेढे होते. ती बाबांची जुनी पद्धत. जुन्या नायलॉनला ती चालायची, हल्लीच्या निसरड्याला चालत नाही.

पण खरा घोळ वेढ्यांचा नव्हता. गाठ आवळायच्या आधी ओली करावी लागते. कोरडी आवळली तर नायलॉन एकमेकांवर घासून तापतं आणि तिथेच कच्चं पडतं. आम्ही ती तोंडात धरून ओली करतो. पाणी ओघळून जातं, थुंकी टिकते, हे बाबांचं ब्रह्मवाक्य. आता थरथरीवरच्या गोळ्यांनी त्यांच्या तोंडाला कायम कोरड पडलेली असते. घडोघडी घोटभर पाणी लागतं. पण पाण्याचा ग्लास शेजारी असला तरी गाठ त्यात बुडवणार नाहीत. तो त्यांना नवशिक्यांचा प्रकार वाटतो. ती जोडणी कोरड्या तोंडात धरून कोरडीच आवळलेली होती. मधे एका दुपारी मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, तेव्हाच वकीलसाहेब आले असणार, 'तुमच्या हातचा एक ताजा द्या' म्हणाले असणार, आणि उस्तादांना नाही म्हणवलं नसणार.

मी बाबांकडे पाहिलं. ते फळीवरच्या डब्यांकडे बघत होते. एक शब्द बोलायचा अवकाश होता. वकीलसाहेबांपुढे ती गाठ धरायची आणि म्हणायचं, बाबा, जरा हात खिशातून बाहेर काढा. जिभेवर आलंही होतं.

"चुकलं, साहेब," मी म्हणाले.

का म्हणाले? भरल्या दुकानात आपल्या बापाचे हात कुणी बघू नयेत म्हणून. एवढंच.

वकीलसाहेब निवळले. "असू दे, असू दे. राग मानू नकोस हं पोरी, पण यंदा आम्ही मित्रमंडळी लांबच्या नदीवर निघालोय. उस्ताद, सगळ्यांचे लीडर तुमच्याच हातचे हवेत. हिचे नकोत."

"शब्द देतो," बाबा म्हणाले.

दुपारी जेवणासाठी दुकान बंद केलं. बाबा मागच्या खोलीत आले, पाणी प्यायले आणि माझ्या टेबलाशी टेकून उभे राहिले. लीडर मी टेबलावरच ठेवला होता.

"हा तुम्ही बांधलेला आहे, बाबा."

मला वाटलं, नाही म्हणतील. चिडतील, निदान तुला काय कळतंय असं तरी म्हणतील. मी सगळं तयार ठेवलं होतं, वेढे, वेटोळं, पांढरा डाग. त्यातलं काही लागलंच नाही.

"माहितीय मला," ते म्हणाले.

"तेव्हाच माहीत होतं?"

"रुमाल उघडला तेव्हाच. आपली गाठ आपल्याला ओळखू येत नाही होय?"

"मग माझ्यावर का ढकललंत?"

ते माझ्याकडे बघत राहिले, इतकी साधी गोष्ट हिला कळू नये याचं नवल वाटल्यासारखे. "अगं, माझं नाव गेलं असतं तर दुकान बसलं असतं. मग तू काय खाणार होतीस? तुझं काय बिघडलं? तुझं नाव होतंच कुठे जायला?"

आवाजात राग नव्हता. लहान मुलाला उतरण समजावून सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. रागाने म्हणाले असते तर मी रडले असते, भांडले असते, आणि संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. पण ते त्यांचं शांत डोक्याचं मत होतं. मी त्या टेबलाशी बसायला लागले त्या दिवसापासूनचं. आणि मी इतकी वर्षं वेळ येण्याची वाट बघत होते! मला स्वतःचीच कीव आली, आणि पाठोपाठ त्यांचा इतका संताप आला की कानशिलं तापली.

बाबांनी रिळं माझ्यापुढे सरकवली. "बस. वकीलसाहेबांचे आधी काढ, बाकीचे मग."

"त्यांना तुमच्या हातचे हवेत."

"वेडेपणा करू नकोस."

"शब्द तुम्ही दिलात, बाबा." मी उठले आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

त्यांनी एकदा रिळांकडे, एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग बसले. मला वाटतं, मनात कुठेतरी त्यांनाही त्या टेबलाशी बसायचं होतंच. मी दुकान उघडलं आणि काउंटर सांभाळला. गिऱ्हाइकांना गळाची शिशाची वजनं दिली, जाळ्या दिल्या. आतून रीळ घरंगळल्याचा आवाज यायचा, कधी शिवी, कधी बराच वेळ काहीच नाही. एकदा डोकावले तर दोन टोकं एकमेकांभोवती धरायला त्यांची कसरत चालली होती, दोन्ही कोपर टेबलावर रोवलेले, आणि कपाळावर घाम. माझे हात शिवशिवले. मिनिटाचं काम होतं. मी परत पुढे आले.

दुकान बंद करायच्या सुमाराला त्यांनी हाक मारली. "पोरी, ये, बघ."

एक लीडर झाला होता. एकच. लांबून सुरेख दिसत होता, उतरण तर अगदी बिनचूक. त्यातलं ते काही विसरले नव्हते. जवळ घेतला तेव्हा प्रत्येक गाठीपाशी पांढुरका ठिपका दिसला. पाण्याचा ग्लास शेजारी होता, निम्मा प्यायलेला.

विकायच्या आधी मी प्रत्येक लीडर दोन्ही मुठींना वेढून जोरात ओढते. तुटायचा तर आपल्याच हातात तुटलेला बरा. हा मी नुसता बोटांवर गुंडाळला, पाकिटात सरकवला आणि वर वकीलसाहेबांचं नाव लिहिलं.

बाबा बघत होते. "ओढून नाही बघितलास?"

"तुमच्या हातचा आहे, बाबा. ओढून कशाला बघायचा?"

त्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता खरं सांगून टाकावं. नाही सांगितलं. त्यांनी पुढच्या लीडरसाठी जाड तुकडा उचलला, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून मी टेबलावरचा दिवा लावून दिला.