मुतलाळींच्या मुठीतला दोर

मित्रांनो, कोचीच्या मट्टांचेरी पेठेत मिरीच्या वायद्यांचा बाजार भरे. त्या बाजाराची मी जुनी घंटा. इरिंजालकुडाच्या ओतशाळेत कांसे वितळवून मला घडवले. परंतु माझा खरा जन्म पहिल्या टोल्याने झाला, असेच मी मानते. माझा एक टोला पडला की बाजार उघडे आणि पुढल्या हंगामाच्या मिरीचे भाव पुकारताना दलाल असा कल्लोळ करीत, की माझे कांसे थरारून उठे! एकदा उघडलेला बाजार सायंकाळपर्यंत अध्यक्षांनाही बंद करता येत नसे.

एका वर्षी वेलींवर रोग पडला. मिरीचे भाव भडकले. बड्या निर्यातदारांनी मात्र स्वस्त भावात माल देण्याचे परदेशी करार आधीच करून ठेवले होते. त्यांचे पुढारी औसेप मुतलाळी, म्हणजे औसेप शेठ, मंत्र्यांकडे खेटे घालू लागले. बाजार बंद झाला, तर डोंगरातल्या मळेवाल्यांना उरलीसुरली मिरी सरकारी, म्हणजे जुन्याच भावात द्यावी लागणार होती. मळेवाल्यांच्या संघाची एलियाम्मा चेडत्ती, साऱ्यांची थोरली ताई, तीही मंत्र्यांना भेटली; तिला तेथे चहा मिळाला. मुतलाळींना बंदीचे वचन मिळाले.

हुकूम राजधानीहून निघाला त्या सकाळी मुतलाळी सभागृहात आले आणि माझा दोर कोणी ओढू नये म्हणून त्यांनी तो स्वतःच्याच मुठीला गुंडाळून घेतला.

"सेक्रेटरी सार, थोडं थांबा. हुकमाची गाडी आलपुळ्यापर्यंत आलीय."

"गाडीनं बाजार बंद होत नाही, मुतलाळी," बाजाराचे सेक्रेटरी कुरुविळा म्हणाले. "कागद दाखवा."

तेवढ्यात मागून चेडत्ती बोलली, "औसेप, लहानपणी चर्चच्या घंटेलाही तू असाच लोंबकळायचास. तेव्हा पाद्रीबाबा निदान कान तरी पिळायचे."

दलाल खदखदून हसले. मुतलाळी संतापून तिच्याकडे वळले, बोट रोखण्यासाठी त्यांनी हात झटकला, आणि मित्रांनो, मी वाजले! असा खणखणीत टोला माझ्या आयुष्यात दुसरा पडला नाही.

सारे सभागृह कुरुविळांकडे पाहू लागले.

"हा टोला धरायचा नाही," मुतलाळी पुटपुटले.

"कोणाच्या हातून वाजली, हे नियमात विचारलेलं नाही. बाजार उघडला."

मग काय विचारता! हात उंचावले, भाव चढले, आणि चेडत्तीच्या दलालाने संघाची सगळी मिरी चढ्या भावात विकून टाकली. हुकूम घामाघूम होऊन पोहोचला. त्यात लिहिले होते, 'बाजार उघडू नये.' तो दुसऱ्या दिवसापासून लागू झाला.

आज सौदे संगणकावर होतात. माझा दोर काढून घेतला आहे आणि मी कपाटावर कापडाखाली पडून आहे. सरकारने बाजारात येऊच नये, असे मी म्हणणार नाही; साठेबाज माजले, तर त्याने अवश्य यावे. परंतु येणाऱ्याने सर्वांदेखत यावे आणि कोणासाठी आलो तेही सांगावे. म्हणून माझी एक विनंती आहे. मला घासूनपुसून शोभेला ठेवू नका. मला पुन्हा दोर बांधा आणि तो अशा जागी सोडा, की ओढणारा हात कोणाचा हे दारातल्या शेवटच्या माणसालाही दिसेल.