आर्डिसचा दुसरा ग्लास

वर्लिन हिंट्झच्या गॅरेजातली बिअर अमेरिकेतल्या शेबॉयगनच्या त्या गल्लीत सगळ्यांनी प्यायली होती, आणि प्रत्येकाने एकच ग्लास प्यायला होता. यातली दुसरी गोष्ट वर्लिनच्या ध्यानात आली ती शेजारच्या गॅरेट लुबकेमुळे.

गॅरेट वयाने निम्मा. घरी बिअर करायला लागून त्याला जेमतेम दोन हिवाळे झालेले, आणि तीही तो बाटल्यांत भरायचा. एका शुक्रवारी तळलेल्या माशांबरोबर त्याने दोन बाटल्या आणून ठेवल्या. वर्लिनच्या बायकोने, आर्डिसने, पहिली संपवली आणि दुसरी आपल्या हाताने उघडली. नवऱ्याच्या बिअरचा ग्लास ती काढा घेतल्यासारखा संपवायची, "छान झालीय" म्हणायची आणि कॉफी टाकायला उठायची. त्या शुक्रवारी कॉफी झालीच नाही.

तेव्हापासून वर्लिन मोजायला लागला. गॅरेटच्या अंगणात दोन, आपल्या गॅरेजात एक. पुन्हा तिकडे दोन, इकडे एक. हा हिशेब कुणाला दाखवण्यासारखा नव्हता आणि मनातून पुसलाही जात नव्हता.

आणि नेमका गॅरेटच त्याच्याकडे सल्ला मागायला आला.

"वर्लिन, आता बाटल्या धुवायचा कंटाळा आलाय. जुना फ्रिज मिळाला, स्टीलची पिंपं मिळाली, सोड्यातल्या गॅसचं सिलिंडर आणलं. अडलंय नळ्यांपाशी. दुकानात भिंतभर नळ्या टांगल्यात! गॅसला कुठली घेऊ, बिअरला कुठली? तुमच्याइतकं कुणाला कळतंय इथे?"

खरं उत्तर वर्लिनच्या जिभेवर होतं. गॅसची नळी जाड असो, आखूड असो, गॅसला काही फरक पडत नाही. बिअरची मात्र बारीक हवी आणि चांगली दहा फूट लांब हवी. पिंपातला गॅस बिअरला मागून ढकलत असतो. त्या लांब, अरुंद वाटेने येता येता तिची रग जिरते आणि ती तोटीतून गुमान ग्लासात उतरते. वाट आखूड आणि रुंद असली की ती उधळते, मग ग्लासात फेसच फेस.

"दोन्हीकडे जाड घे," वर्लिन म्हणाला. "आणि हातभर पुरे. बिअरला मोकळी वाट लागते रे. कोंडली की बिघडते."

"तुमच्यासारखा शेजारी मिळायला नशीब लागतं," गॅरेट म्हणाला आणि जाताना दोन बाटल्या ठेवून गेला. दोन्ही आर्डिसने प्यायल्या.

पुढच्या रविवारी गॅरेटने गल्लीला जेवायला बोलावलं. कोळशावर सॉसेज भाजत होते, कडक पाव चिरून ठेवले होते. सगळे ग्लास घेऊन फ्रिजभोवती जमले. गॅरेटने तोटी उघडली, आणि फस्सकन पांढरा फेस ग्लास भरून त्याच्या बुटांवर आला. दुसऱ्या ग्लासाचं तेच. तिसऱ्याचंही तेच.

"गॅरेट, आम्हाला जेवायला बोलावलंस की दाढी करायला?" समोरच्या घरातली म्हातारी लॅव्हर्न म्हणाली. सगळे हसले. वर्लिनने आपल्या सॉसेजवर आणखी मोहरीची चटणी घेतली. बऱ्याच दिवसांनी त्याला अशी भूक लागली होती.

आर्डिस मात्र फ्रिजमध्ये डोकं घालून उभी होती.

"ही नळी एवढीशी कशी रे?"

"वर्लिननेच सांगितलं ना," गॅरेट म्हणाला.

"वर्लिनने?" ती वळली. "आमच्या पिंपाभोवती तर अजगरासारखं वेटोळं आहे. दाब इतका, तर नळी इतकी. जेवताना दुसरं काही ऐकायला मिळालंय का मला इतक्या वर्षांत?"

ती ऐकत असते, हे वर्लिनला आत्ता कळत होतं. अगदी नको त्या वेळी.

"त्याचं काय आहे, पिंप वेगळं असलं की..."

"वर्लिन."

त्याने पाव खाली ठेवला.

"जा. तुझी नळी काढून आण."

वर्लिन मुकाट्याने घरी गेला, आपल्या फ्रिजमधलं वेटोळं सोडवलं, धुतलं आणि गॅरेटच्या पिंपाला आपल्या हाताने जोडलं. आता बिअर अशी उतरली की बघत राहावं: सोनेरी, वर बोटभर साय. गल्लीने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या नळीला होत्या, पण पडल्या गॅरेटच्या पदरात.

आर्डिसने घोट घेतला आणि तिचा चेहरा काढा घेतल्यासारखा झाला.

"अगोबाई! ही तर अगदी वर्लिनच्या बिअरसारखी लागते."

लॅव्हर्नने ग्लास नाकाशी नेला. "खरंच की. तोच गुडघ्याच्या मलमाचा वास. आम्ही म्हणायचो, वर्लिन काहीतरी पाला घालतो, त्याची खासियत आहे ती. गॅरेट, तूही तेच शिकलास का?"

गॅरेट रडवेला झाला. "बाटलीत भरली तेव्हा अशी नव्हती हो!"

वर्लिनने घोट घेतला. त्याला वास आला नाही; त्याची जीभ केव्हाच सरावली होती. पण मलम म्हटल्याबरोबर त्याला कित्येक वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवला. नातवंडं सुट्टीला आली होती आणि त्यांच्यासाठी त्याने पिंपभर रूट बिअर केली होती, ती मुलांची गोड, मलमाच्या वासाची. तिच्यात दारूचा थेंब नसतो, पण तिचा वास नळीत एकदा मुरला की जन्माचा. त्याने नळी गरम पाण्याने तीनदा धुतली होती आणि नवी आणायचा आळस केला होता.

आता गप्प बसलं तर गॅरेटचं नाव बुडत होतं. त्या शुक्रवारपासून हेच तर हवं होतं. पण गॅरेटबरोबर आपलीही बिअर कायमची बुडणार होती, बिचारीचा काही गुन्हा नसताना. वर्लिनने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. गॅरेटला बुडवण्यात फायदा कमी होता.

"नळीचा वास आहे," तो म्हणाला. "रूट बिअरचा. माझ्या नळीचा. पोराची बिअर चांगली आहे." आणि घाईने पुढे म्हणाला, "माझीसुद्धा."

लॅव्हर्न खुर्चीला धरून हसली. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुझी नळी पीत होतो?"

सोमवारी दोघे मिळून दुकानात गेले. वर्लिनने या वेळी मापं खरी सांगितली. गॅरेटने हातभर नळीबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि ते वर्लिनला जास्त लागलं.

संध्याकाळी त्याने गॅरेजात कोरी नळी जोडली आणि आर्डिसला ग्लास भरून दिला. तिने घोट घेतला. थांबली. मग दुसरा, तिसरा. कॉफीचं नाव नाही. रिकामा ग्लास तिने पुढे धरला.

"मस्त आहे रे. गॅरेटची ना?"

वर्लिनने आधी तिचा दुसरा ग्लास काठोकाठ भरला. मग उत्तर दिलं.