देवीपुढे ठेवलेलं विमानभाडं

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. मालवणच्या बाजारात, दीपिकाच्या तिकिटांच्या दुकानात बारा वर्षं खरखरतो आहे. रंगीत छपाई मला जमत नाही, पण प्रत्येक कागदावर तारीख आणि वेळ मी न चुकता उमटवतो. एके काळी त्याचं कौतुक होतं. पुढे तिकिटं मोबाइलवर आली आणि माझ्यावरची धूळ पुसायलाही कुणाला सवड उरली नाही.

चतुर्थी जवळ आली की मात्र देवबागच्या यमुनाबाई मासे विकून थेट माझ्यापाशी येत. त्यांचा मुलगा यतीन दिल्लीत नोकरीला. मोजक्या रजेत विमानाशिवाय सणाला पोचणं अशक्य. पण देवीचा कौल घेतल्याखेरीज त्या तिकीट काढत नसत. मी दोन विमान कंपन्यांची भाडी छापायचो, तो कागद देवीपुढे ठेवला जायचा. देवीने होकार दिला की त्या लगबगीने परत येत, तोवर दोन्ही भाडी वाढलेली असत. मग नवा कागद, नवा कौल, पुन्हा वाढ. शेवटी भाडं आवाक्याबाहेर जाई. अशी तीन वर्षं यतीन आला नाही. कौलापायी तुम्हीच वेळ घालवता, म्हणून दीपिका त्यांच्यावर चिडे. त्या मान खाली घालून निघून जात. मला भारी राग येई, पण खरखरण्यापलीकडे माझ्या हाती काय होतं?

मग विमान कंपन्या संगनमताने भाडी ठरवतात, अशा आरोपाच्या खटल्याची बातमी दीपिकाने वाचली. जुने कागद असते तर ताडून पाहिलं असतं, असं ती सहज बोलली. दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी पिशवीभर कागद आणून ठेवले. सगळ्यांवर कुंकू.

"देवीपुढचो कागद टाकूचो कसो?" त्या म्हणाल्या.

दीपिकाने ते मी छापलेल्या तारीख-वेळेनुसार ओळीने मांडले. दरवेळी एका कागदापासून पुढच्या कागदापर्यंत दोन्ही कंपन्यांची भाडी एकदमच, सारख्याच आकड्याने वाढली होती. अशा संगनमताची चौकशी करणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे पाठवायची तक्रार मीच छापली. पण सहीची जागा चार दिवस कोरी राहिली, कारण दुकान त्याच दोन कंपन्यांवर चालत होतं. ते चार दिवस मला चैन नव्हतं.

"सही केलंय तर माजो धंदो जातलो, काकी," दीपिका अखेर म्हणाली.

यमुनाबाई जायला उठल्या. "मगे करू नको. माका इतक्याच सांग, भाडा माज्या उशिरामुळे नाय वाढला मा?"

दीपिकाचे डोळे भरून आले. "नाय, काकी. तुमच्यामुळे नाय वाढला." आणि तिने सही केली.

चौकशी अजून चालू आहे. एका कंपनीने दीपिकाला तिकिटं विकायला देणं बंद केलं. दुसरीचंही तसंच पत्र येईल म्हणून रोज टपालाच्या वेळी मी अस्वस्थ होतो. मित्रांनो, मला भंगारात द्या, माझं काही म्हणणं नाही. पण आपलंच चुकलं असं समजून कुणी दारातून परत फिरत असेल, तर त्याला हाक मारून बसवा आणि त्याचे कागद एकदा नीट बघा.