चोवीस फासळ्या, एकच माप

दर्शन मयेकरला संगणकाला कामाला लावायची भारी हौस. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ज्या लहानशा कचेरीत तो कॅडवर ड्रॉइंग करायचा, तिथल्या योगिनी मॅडम म्हणायच्या की अर्धा तास वाचवायला हा तीन दिवस घालवतो. दर्शन ते कौतुक समजायचा.

एका प्रशिक्षण केंद्राला जुन्या लाकडी मचव्याची, म्हणजे शिडाच्या होडीची, दोन मीटर लांबीची प्रतिकृती हवी होती. मांडवीच्या दत्तारामकाकांनी आयुष्यभर मचवे बांधलेले. त्यांनी सांगाड्याच्या चोवीस फासळ्या चोवीस मोठ्या कागदांवर, प्रतिकृतीच्याच मापात, हाताने काढून दिल्या. दर्शनने ते कागद स्कॅन करून कॅडमध्ये घेतले आणि चहाचे डाग, कडेची आकडेमोड झाकून नुसती फासळी दिसेल एवढा चौकोन प्रत्येकावर क्लिप केला. या दिसणाऱ्या चौकोनांची लांबी-रुंदी काढायची, त्या मापाचे प्लायवूडचे तुकडे कापून आणायचे आणि त्यांवर फासळीचं चित्र चिकटवून ती करवतायची, असं ठरलं.

मापं हाताने घेता आली असती. पण दर्शनने ती आपोआप काढणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली. चौथ्या दिवशी बटण दाबलं आणि यादी आली. चोवीस ओळी, प्रत्येकीत ८४१ बाय ५९४ मिलिमीटर. दुसरा कुणी तिथेच थांबून तपासत बसला असता. दर्शनला वाटलं, काय स्वच्छ काम झालंय. उत्तरं इतकी एकसारखी आली म्हणजे चूक असूच शकत नाही, असं त्याने शेजारच्या सलोनीला समजावूनही सांगितलं आणि यादी प्लायवूडवाल्याला धाडली.

तुकडे आले त्या दिवशी काका बघायला आले. त्यांनी चार-पाच तुकडे उभे धरून एकमेकांना लावले. कडा तंतोतंत जुळल्या.

"दर्शन, नाळेकडची, पुढच्या टोकाची फासळी आणि मधली फासळी एकाच मापाची?"

"काका, संगणकाने मोजलंय."

"मग त्याने मचवा नाही मोजलान. माझे कागद मोजलेन."

खरंच तसं झालं होतं. स्क्रिप्ट अख्ख्या चित्राचं माप वाचत होती. क्लिप केलेल्या चौकोनाचे कोपरे वेगळ्या जागी नोंदलेले असतात, तिथे दर्शनने डोकावलंच नव्हतं. सलोनी मान खाली घालून कीबोर्ड पुसत राहिली. किती तुकडे चुकले, असं मॅडमनी विचारलं तेव्हा "सगळे" म्हणताना निदान मोजत बसावं लागलं नाही, एवढंच दर्शनला समाधान.

त्याने कोपरे वाचून पुन्हा हिशेब केला. आता पहिल्या फासळीची रुंदी आली ४९००. दोन मीटरच्या मचव्याला जवळजवळ पाच मीटरची फासळी. या खेपेला मात्र त्याला शंका आली, ही त्याच्या मते मोठीच प्रगती. कोपऱ्यांची नोंद मिलिमीटरमध्ये नव्हती, चित्राच्या ठिपक्यांमध्ये होती. एका ठिपक्याच्या मापाने गुणल्यावर ४९०० चे ४१५ झाले. काकांनी कागदावर पट्टी ठेवली. चारशे पंधरा.

दर्शनचा आता स्वतःवर काडीचा विश्वास उरला नव्हता. त्याने काकांना पट्टी धरायला लावून चोवीसही फासळ्या हाताने मोजल्या. पंचवीस मिनिटं लागली. तेवीस मापं स्क्रिप्टशी जुळली. एक जुळेना. शेवटी सापडलीच हिची चूक, म्हणून तो खुशीत पुन्हा मोजायला गेला. स्क्रिप्ट बरोबर होती. पट्टी दर्शनने चुकीची वाचली होती.

आधीचे तुकडे मोठे कापलेले असल्याने त्यांतूनच नव्या मापाचे निघाले. महिन्याभराने प्रतिकृती उभी राहिली. काकांनी तिच्या अंगावरून सावकाश हात फिरवला आणि अकराव्या फासळीपाशी थांबले. मापात आहे, पण करवत वाकडी चालल्ये, कुणी करवतली, असं त्यांनी विचारलं.

ती एकच फासळी दर्शनने हौसेने स्वतः करवतली होती. त्याने हात वर केला.