परतीचे चार सूत

मित्रांनो, मी एक जुना चार सुती पाईप आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा माझं पोट अर्ध्या इंचाचं. बेळगावच्या ज्या दुकानात मी विकला गेलो, तिथे माझ्या अंगावरचा छाप इंग्रजीत होता, दुकानाची पाटी कन्नडात आणि घासाघीस मराठीत. माझं माप मात्र तिन्ही भाषांत तेवढंच भरलं.

मला घेतलं सदलग्याच्या रूपालीआक्कांनी. त्या कारखान्यात इंजिनियर आहेत आणि सुट्टीला शर्यतीत गाडी पळवतात. सरळ पट्टा, जागेवरून सुटायचं आणि आधी पोचायचं. गाडी त्यांनी आणि धाकट्या भावानं, कृष्णातनं, निपाणीच्या शेडमध्ये स्वतः बांधलेली. टाकी मागे, इंजिन पुढे. मधून पेट्रोल मी न्यायचो. लोक इंजिनाचे फोटो काढत. माझा कुणी काढला नाही, कारण त्यासाठी पाठीवर झोपावं लागतं.

मग नऊशे अश्वशक्तीचं इंजिन आलं. त्याची तहान मला भागेना. मोठा पंप आला, माझ्या जागी पाच सुती पाईप आला आणि मी सुट्या सामानाच्या पेटीत गेलो. उरलेलं पेट्रोल टाकीत माघारी नेणारा पाईप मात्र जुनाच राहिला, दोन सुती. आक्कांनी शंका काढली, तर कृष्णात म्हणाला, “उसाला सोडलेलं पाणी माघारी येतंय व्हय गं आक्का? दोन सूत लई झालं!”

ऊसवाल्यांच्या घरात हे लगेच पटलं.

शर्यतीच्या दिवशी गाडी रेषेवर उभी राहिली, तिनं काळा धूर ओकला आणि ती बंद पडली. शेजारच्या गाडीतून बेळगावचा तेजस्वी ओरडला, “बंब पेटला रं! आंघुळीला कोण कोण हाय?”

आता एकच संधी उरली. पुन्हा बंद पडली तर शर्यतीतून बाद.

“पंप कमी पडतोय. अजून मोठा बसवूया,” कृष्णात म्हणाला.

“आणि बुडवायचंय व्हय इंजिन?” आक्का पेट्रोलचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होत्या. “दाबाचा स्क्रू पुरता सैल केलाय, तरी काटा खाली येईना. उभ्या गाडीत इंजिन घोटभर पितंय आणि पंप घागरीनं ओततोय. बाकीचं जाणार कुठनं?”

कृष्णातनं दोन सुती पाईपाकडे बघितलं. मग पेटी उघडली.

मला तपासलं, वाकवून बघितलं, आणि परतीच्या वाटेवर बसवलं. पंप सुरू झाला. उरलेलं पेट्रोल माझ्यातून खळखळत मागे निघालं आणि काटा शहाण्यासारखा खाली बसला. हिरवा दिवा लागला. पुढचं मला दिसलं नाही, मी गाडीखाली होतो. पण तेजस्वीच्या गाडीचा आवाज शेजारून मागे मागे जात राहिला, आणि तो ऐकण्याइतका मी रिकामा नव्हतो तरी ऐकला. आम्ही जिंकलो!

तेजस्वी धावत आला. “आक्का, पंप कुठला वो?”

कृष्णात नव्या पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली सरकला. “हिकडं ये. ह्यो बघ.”

तेजस्वी आडवा झाला, मागोमाग आक्काही. चषक बॉनेटवर एकटाच राहिला आणि सगळी माणसं माझ्यापाशी आली.

मित्रांनो, तुमच्या गाडीखालीही आमच्यापैकी कुणीतरी असेल. तो तडकला, घामेजला, तापल्या लोखंडाला टेकला तर बघत चला. त्यासाठी जिंकायची वाट बघू नका.